लाकूड आधी चावतं

४ मार्च

चि. बेडकोबा यास,

अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या आड लपवून एक धपाटा.

तुला फिट आली, तू तलावाच्या काठावर आडवा झालास, दवाखान्यात राहून घरी आलास, आणि मला हे कळतं कधी? तुझ्या बायकोच्या पत्रातून, तेही शेवटी, ता. क. मध्ये. सख्ख्या बहिणीला ता. क. मध्ये कोंबता काय रे? आई गेली तेव्हा तू एवढासा होतास, पाणी प्यायला जातानाही माझं बोट सोडायचा नाहीस. आता पोहायला शिकवणारे मास्तर झालात, तर बहीण परकी झाली. तुझ्या बायकोला मी बोल लावत नाही, तिनं निदान लिहिलं तरी. तलावाच्या तिकीट खिडकीत बसून दिवसभर लोकांची तोंडं बघते, त्यामुळे तिला माणसं कळतात. तुला अजून नुसतं पाणी कळतं.

हे वाचून तू लगेच फोन करशील. करू नकोस. कारखान्यात करवत चालू असते, मला धड ऐकू येत नाही, आणि तू फोनवर ‘हं’च्या पुढे जात नाहीस. पत्रात तुला वाक्यं तरी पुरी करावी लागतात. तेव्हा यापुढे आपलं जे काही बोलणं, ते कागदावर. हट्ट म्हण हवं तर.

इथलं ठीक आहे. बाबांच्या खुर्च्या लोकांना अजून हव्याशा वाटतात हे नवलच. मिस्त्री थकले, पण हातातला रंधा सोडत नाहीत. सध्या एका नाट्यगृहाच्या खुर्च्या चालल्यात, काळ्या परदेशी लाकडाच्या. दिसायला राजबिंडं लाकूड, पण भुसा असा वाईट, की नवा माणूस दुसऱ्या दिवशी खाजवतच कामावर येतो.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात म्हणे. वेळच्या वेळी घे. लहानपणी तुला औषध द्यायचं म्हणजे मी तुझ्या छातीवर बसायची आणि मिस्त्री तुझं नाक दाबायचे. आता तेवढ्यासाठी माणूस ठेवता येत नाही, म्हणून पत्रातूनच बसतेय.

सगळं नीट लिही. काही लपवलंस तर याद राख.

तुझी,
ताई


१५ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. धपाटा पोचला, जरा लागलाही.

लपवायचं नव्हतं गं. आधी मला स्वतःलाच कळेना काय झालं ते. मी काठावर उभा राहून शिट्टी फुंकत होतो, एवढं आठवतं. पुढचं लोकांनी सांगितलं. शिट्टी तोंडात, मी जमिनीवर आडवा, आणि हातपाय झाडतोय. पोरांनी म्हणे टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मास्तर कोरड्यावर हात मारून दाखवतायत. खरं काय ते ओळखलं शिंपीणकाकूंनी. या माझ्या सगळ्यात थोरल्या विद्यार्थिनी. जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले, आता दुकान मुलीवर सोपवून सत्तरीत पोहायला शिकतायत. त्यांनी मला कुशीवर वळवलं, शिट्टी काढून घेतली आणि डोक्याखाली स्वतःचा टॉवेल सारला. मी जरा पुढे उभा असतो तर पाण्यात गेलो असतो. ते काही डोक्यातून जात नाही.

डॉक्टरबाई तरुण आहेत, मोजकं बोलतात. मेंदूत मध्येच ठिणगी उडते, ती उडू नये म्हणून गोळी, असं सांगितलं. सकाळ-संध्याकाळ घ्यायची, हळूहळू वाढवायची. गोळीनं झोप येते. परवा पाळण्यातल्या पोरासारखा जेवता जेवता झोपलो, बायको अजून हसतेय.

तलावाच्या साहेबांनी सांगितलंय, सहा महिने एकही फिट आली नाही तर पुन्हा पाण्यात उतरायचं. तोवर बाकावर बसून शिकवायचं. उंटावरून शेळ्या हाकतोय म्हण ना. शिंपीणकाकू म्हणतात, मास्तर कोरडे असले की ओरडतात जास्त.

ताई, तुला म्हणून सांगतो. सकाळी तलाव उघडतो तेव्हा पाणी अगदी स्वच्छ असतं, कुणी उतरलेलं नसतं, आणि मी अंगभर कपडे घालून त्याच्याकडे बघत बसतो. मला पाण्यात जायचंय. बाकी काही नको. एकदा तर रडूच आलं. तुझ्यापाशी लाज कसली.

गोळ्या चुकवत नाही. तुझं फोनचं मात्र कळलं नाही. रागावली असलीस तर सरळ रागाव, मधे कागद कशाला?

तुझा,
बेडूक


२ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार. आज थोडकंच लिहितो, अंगात कणकण आहे.

फिट परत आलेली नाही, हे आधी सांगतो. पण छातीवर पुरळ उठलंय आणि खाज सुटलीय. पाठीवरही असावं, मला दिसत नाही. बायकोला म्हटलं, तलावाच्या पाण्यातलं औषध बाधलं असेल. ती म्हणाली, पाण्यात न उतरता कसं बाधेल? तिच्यापुढे खोटं टिकत नाही. ती म्हणते डॉक्टरबाईंकडे चल. त्यांनी महिनाअखेरीस बोलावलंच आहे. आत्ता गेलो तर त्या गोळी बंद करतील. गोळी बंद केली आणि फिट आली, की सहा महिने पुन्हा पहिल्यापासून.

तू जन्मभर माणसांच्या अंगावर लाकूड उठलेलं बघितलंयस. तुला काय वाटतं? थांबू का घेत राहू? तू सांगशील तसं करतो.

तुझा,
बेडूक


७ एप्रिल

चि. बेडकोबा यास,

आशीर्वाद. एवढ्याशा पुरळाला घाबरलास? बाबा असते तर हसले असते.

तू बारा वर्षांचा होतास तेव्हाची सुट्टी आठव. बाबांनी तुला पॉलिशकागद घेऊन लाकूड घासायला बसवलं आणि तिसऱ्या दिवशी तुझे डोळे सुजून नुसत्या फटी राहिल्या. मान, हात, सगळं लालभडक. तू रडत माझ्याकडे आलास. मी बाबांना म्हटलं, पोराला राहू द्या. ते काय म्हणाले? “लाकूड आधी चावतं, मग ओळखतं.” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुला त्याच लाकडापाशी बसवलं. सुट्टी संपेपर्यंत तुझी कातडी साफ झाली होती. आजही तू ते लाकूड हातात घे, काही होणार नाही.

आपल्या धंद्यातली ही गोष्ट पुस्तकात नसते. पुरळ उठलं म्हणून जे घरी बसले, ते परत आले की दुप्पट सुजले, आणि शेवटी धंदा सोडून गेले. जे खाजवत, कण्हत कामाला येत राहिले, ते आज मिस्त्री आहेत. आमच्याकडे कुणीही नवा आला की त्याला मी पहिलं हेच सांगते. कातडीला शिकायला वेळ लागतो. मधे थांबलं की ती शिकलेलं विसरते.

औषध म्हणजे तरी काय, एक परकी वस्तू. अंगाला ओळख पटायला हवी. तेव्हा थांबायचं नाही. डॉक्टरांना एवढ्यात सांगूही नकोस, ते बिचारे पुरळ बघून घाबरतील. महिनाअखेरीस जाशील तेव्हा सगळं साफ झालेलं असेल. ताप उन्हाचा असेल, भरपूर पाणी पी. सैल सुती कपडे घाल आणि नखं काप.

तुला पाण्यात जायचंय ना? मग जरा सोस. आपल्या घरात दुखण्याचं कौतुक करायची पद्धत नाही.

तुझी,
ताई


१९ एप्रिल

ती. वन्सं यांस,

नमस्कार. त्यापुढचं सगळं कडू आहे, पण लिहायचं तर तुम्हालाच.

ते हॉस्पिटलात आहेत. मी बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितेय. तुमचं पत्र आल्यापासून मी काहीही म्हटलं की एकच उत्तर, ताईनं सांगितलंय, थांबायचं नाही. ताप चढत गेला. यांनी लांब बाह्यांचे शर्ट घालायला सुरुवात केली, म्हणजे मला दिसू नये. दुखणं अंगावर काढणं ही तुमच्या घराची पद्धत असेल, माझ्या घरची नाही. पण मी एकटी कुठे पुरे पडणार? गेल्या आठवड्यात सकाळी उठवायला गेले तर चेहरा ओळखू येईना. सगळा सुजलेला, ओठ फुटलेले, मानेत गाठी, आणि डोळे पिवळे. मी विचारलं नाही, सांगितलं नाही, शेजारच्यांच्या गाडीत घातलं आणि आणलं.

डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न केला, गोळी कधी सुरू केली. दुसरा, पुरळ कधी उठलं. आणि तिथल्या तिथे गोळी बंद. त्या म्हणाल्या, काही थोड्या माणसांचं शरीर या औषधाला शत्रू समजतं आणि त्याला हुसकावण्यासाठी स्वतःच्याच घराला आग लावतं. नुसती कातडी नाही, लिव्हरला सूज आली आहे. पुरळ उठलं त्याच दिवशी आले असते तर इतकं झालं नसतं. मी त्यांना तुमच्या लाकडाचं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, लाकडाचं मला माहीत नाही, पण हे औषध अंगवळणी पडत नाही. जितकं घ्याल तितकं आत शिरतं.

पुढे काय होईल ते अजून सांगत नाहीत.

वन्सं, मी तुमच्यावर रागावले आहे. खोटं कशाला बोलू? हा माणूस डॉक्टरांचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही, तुमचं ऐकतो. म्हणून तुम्ही तरी शब्द जपून टाकायचा होता. आणि एवढं होऊनही तापात हाक मारतात ती तुम्हालाच. रागावून लिहितेय, पण बोलावतेय. याल का?

तुमची,
भावजय


२४ एप्रिल

चि. सौ. तिकीटबाई हिस,

अनेक आशीर्वाद.

तू रागावलीस ते बरं केलंस. पाठीवर हात फिरवला असतास तर मला जास्त लागलं असतं. मी माझ्या हातानं वाढवलेलं पोर, आणि मीच त्याला विष घेत राहा म्हणून लिहिलं. वर ‘जरा सोस’ म्हटलं. ते वाक्य आता सारखं कानात वाजतं. मिस्त्रींना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांनी रंधा ठेवला आणि उरलेला दिवस अंगणात बसून राहिले.

डॉक्टरबाईंना सांग, की इतकी वर्षं मी पोरांना जे शिकवत आले ते लाकडापुरतंच खरं होतं, आणि आता तर त्याचीही मला खात्री वाटत नाही. त्याला सांग, ताईनं चुकीचं सांगितलं. अगदी याच शब्दांत सांग. त्याला वाटत असेल, ताई म्हणाली म्हणजे अजूनही तीच गोळी बरोबर. तो तेवढा वेडा आहे.

मला इतक्यात येता येत नाही. नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं काम अंगावर आहे, तारीख जवळ आलीय. हे कारण तुला पटणार नाही, मलाही पटत नाही. पण येईन. तोवर दोन ओळी का होईना, रोज टाकत जा. ताप किती, काय खाल्लं, ओळखतो का, एवढं तरी. हात जोडून सांगते.

तुझी,
वन्सं


२० मे

ती. ताईस,

नमस्कार. जिवंत आहे. घरी आहे. हे पत्र माझ्याच हातचं आहे, अक्षर वाकडं आलंय ते हात थरथरतात म्हणून.

हॉस्पिटलातून येऊन थोडे दिवस झाले. सगळ्या अंगाची सालं निघतायत. बायको सकाळी झाडते, दुपारी पुन्हा तेवढीच. म्हणते, नवरा नवीन मिळणार तर चांगला तरी निघू दे. लिव्हर जागेवर येतंय. सूज उतरायची औषधं एकदम तोडायची नाहीत, हळूहळू कमी करायची, मधेच पुन्हा भडकू शकतं म्हणे. भूक मात्र अशी लागते, की ताट खाऊन टाकीन. फिटसाठी दुसरं औषध दिलंय, अगदी वेगळ्या जातीचं. दुधानं तोंड पोळलेला माणूस मी, पहिली गोळी दुपारभर तळहातावर घेऊन बसलो होतो. शेवटी शिंपीणकाकू आल्या भेटायला. म्हणाल्या, मास्तर, मला पाण्यात ढकललंत तेव्हा मी एवढा विचार केला होता का? घेतली. काही झालं नाही.

तू चुकीचं सांगितलंस हा तुझा निरोप मिळाला. ते मी मनात ठेवलेलं नाही. विचारलं मी, ऐकलं मी, सोसलं मी. पण दुसरं एक मनात आहे. तू आली नाहीस. बायको तुझं नाव काढलं की भांडी जोरात ठेवते. मी तिला म्हणतो, कामात असेल. पण ताई, खुर्च्या? लोक बुडाखाली घेतात त्या? विचारणार नव्हतो, विचारलं.

आता कामाचं, नीट वाच. डॉक्टरबाईंनी मला बजावलंय, ही खोड रक्तात असू शकते. आईबाप, भावंडं, मुलं, सगळ्यांना सांगून ठेवा. मी म्हटलं, मुलं नाहीत, आईबाप गेले, रक्ताचं म्हणाल तर एक ताई. त्या म्हणाल्या, मग तिला आजच कळवा. तर ताई, त्या गोळीचं मूळ नाव कार्बामाझेपीन. कंपन्या तिला वेगवेगळ्या गोंडस नावांनी विकतात, पण मूळ नाव पट्टीवर बारीक अक्षरात असतं. नुसत्या फिटसाठी नाही, इतर दुखण्यांवरही देतात. शिवाय तिची भावंडं आहेत, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन. तीसुद्धा आपल्याला चालायची नाहीत. कुणी डॉक्टर देऊ लागला तर आधी माझं सांग.

तू दवाखान्याची पायरी चढत नाहीस हे मला माहीत आहे. तरी लिहून ठेव.

तुझा,
बेडूक


२६ मे

चि. बेडकोबा यास,

आशीर्वाद. हे उभ्यानं लिहितेय, बसवत नाही.

तुझं पत्र वाचलं. ते नाव वाचलं. मग चष्मा पुसला आणि माझ्या ड्रॉवरमधली गोळ्यांची पट्टी काढली. वर गोंडस नाव, खाली बारीक अक्षरात तेच, तू लिहिलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

आता सगळं सांगते. माझ्या उजव्या गालात कळ येते. पुष्कळ दिवस झाले. विजेची तार लागावी तशी येते. बोललं की येते, चावलं की येते, वारा लागला की येते. फोन कानाशी धरला तर हमखास. म्हणून फोन बंद. करवतीची थाप मारली, कारण तू स्वतः फिटमधून उठत होतास, तुला आणखी हे कशाला? हॉस्पिटलातलं पत्र आलं तशी मी बसस्टँडवर गेले होते रे. खिडकीपाशी तुझ्या गावाचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि अशी कळ आली, की खांबाला धरून खाली बसले. लोकांना वाटलं बाई प्यायलेली आहे. कशीबशी घरी आले आणि तुम्हाला खुर्च्यांचं कारण लिहून पाठवलं. ते वाचून तुझी बायको भांडी आपटते, बरोबर करते.

मग मी दवाखान्यात गेले. तुझ्याकडे यायचं तर तोंड उघडता यायला हवं होतं, एवढंच डोक्यात. डॉक्टरांनी विचारलं, कशाची ॲलर्जी? मी म्हटलं, माणसांची. ते हसले, मीही गाल धरून हसले, आणि तो प्रश्न तिथेच राहिला. तुझी गोळी डोक्याची, माझी गालाची, त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असं वाटलंच नाही.

आणि गोळीनं काय केलं सांगू? कळ गेली. मी न भिता दात घासले. मिस्त्रींशी भांडले, तेही पुऱ्या वाक्यांत. एक सफरचंद चावून खाल्लं आणि खाता खाता रडले. पुढच्या आठवड्याचं तुझ्याकडे यायचं तिकीट काढलंय, त्याच खिडकीवर, गावाचं नाव मोठ्यानं सांगून.

राहिलेलंही सांगते, नाहीतर तू ‘काही लपवलंस तर याद राख’ हे माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारशील. चार-सहा दिवस झाले, हातांना खाज आहे, छातीवर लाल ठिपके आलेत, अंगात कसर आहे. मी मिस्त्रींना म्हटलं, काळं लाकूड उठलं. ते म्हणाले, बाई, काळं लाकूड संपून महिना होत आला. मी म्हटलं, हवेत भुसा असेल. एवढं सगळं होऊनसुद्धा मी हे म्हटलं.

तरी आता ऐक. तुला भेटेपर्यंत मी घेणार आहे. एवढाच आठवडा. आज बंद केली तर कळ परत येणार, बसमध्ये बसवणार नाही, आणि कशीबशी आलेच तर तुझ्यासमोर मुकी बसून राहणार. तू मरणाच्या दारातून परत आलायस, आणि तुला बघून माझ्या तोंडून एक शब्द निघू नये? तेवढं मला नको. तुझं शरीर वेगळं, माझं वेगळं. रागव हवं तर. फोन केलास तर उचलणार नाही.

तुझी,
ताई


२ जून

चि. सौ. तिकीटबाई हिस,

अनेक आशीर्वाद. तुझा नवरा सुखरूप पोचला.

तुला रजा उरली नाही आणि याला एकट्याला सोडायचं नाही, म्हणून शिंपीणकाकूंना बरोबर धाडलंस, हे काकूंनी उंबऱ्यातच सांगितलं. वाटेत त्याला दाराजवळ बसू दिलं नाही, दर स्टॉपला पाणी पाजलं आणि दोनदा शर्टाची बटणं नीट लावायला लावली. बाई मला एकदम पसंत आहे. सध्या कारखान्यातल्या गाद्यांची शिवण उसवून मिस्त्रींना नावं ठेवतेय, आणि मिस्त्री ऐकून घेतायत.

त्याला दारात बघितलं गं. किती वाळलाय. हात तर लहान मुलाचे असावेत तसे गुलाबी. मी त्याला बसवलं आणि बोलत सुटले. गोळीचा जोर होता ना अंगात. प्रवास कसा झाला, खाज काही विशेष नाही, आठवडाच तर आहे, मी परवा निघणारच होते, तू कशाला आलास, असं एकामागून एक. शेवटी त्यानं शर्ट काढला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. तू ती पाठ रोज बघितलीस. मी पहिल्यांदाच बघितली.

मग वळून म्हणाला, “ताई, तू सांगितलंस म्हणून मी थांबलो नव्हतो. आता मी सांगतोय. थांब.”

मी जन्मात कधी त्याचं ऐकलेलं नाही. तो सांगणारा नव्हताच, मी सांगायची आणि तो ऐकायचा, असंच आमचं. मी ड्रॉवर उघडला आणि पट्टी त्याच्या हातात दिली. त्यानं ती फेकली नाही, खिशात घातली, आणि तसाच मला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांसमोर पट्टी ठेवून त्यानं स्वतःची सगळी कहाणी सांगितली. हा मुलगा फोनवर ‘हं’ म्हणतो तोच का, असं मला वाटलं. डॉक्टर म्हणाले, मी तुम्हाला घरच्यांचंही विचारायला हवं होतं. मी म्हटलं, आणि मी थट्टा करायला नको होती.

रक्त तपासलं. लिव्हर नुकतंच बिघडायला लागलं होतं, मानेत बारीक गाठी आहेत. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा घेतली असती तर बसऐवजी हॉस्पिटलची गाडी लागली असती. गोळी बंद. पुरळ मावळेपर्यंत दिवसाआड रक्त द्यायला जायचं. दुसऱ्या घराण्यातलं औषध सुरू केलंय, पण त्याला लागू पडायला वेळ लागेल. ते काम करीलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं.

कळ परत आली आहे. परवा संध्याकाळपासून. तू विचारशीलच, म्हणून सांगते, पहिल्यापेक्षा जास्त आहे. सूपसुद्धा चमच्यानं एका बाजूनं घेते. एक शब्द बोलवत नाही. ज्याची भीती होती तेच झालं, तो समोर बसलाय आणि मी मुकी. त्यानं काय करावं? कारखान्यातून एक रंधा मारलेली फळी आणली, मिस्त्रींच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि माझ्यासमोर ठेवली. काल दिवसभर आम्ही त्या फळीवर भांडलो. भरली की मिस्त्री रंधा मारून देतात. काकू म्हणतात, जगात एवढं महाग भांडण कुणी करत नसेल.

तुझ्याशीही मला भांडण मिटवायचंय. मी आले नाही ते तुझ्या लक्षात राहील, राहू दे. पण कारण काय होतं ते आता तुला कळलंय. आणि हा घाबरून कोसळायचा सोडून पत्र हातात घेऊन थेट बसमध्ये बसला, त्यामागे तू होतीस हेही मला कळलंय. तो म्हणतो, तू पत्र वाचून एवढंच म्हणालीस, जा, ती तुझंच ऐकेल. मला एवढी ओळखतेस हे मला ठाऊक नव्हतं.

त्याला आणखी आठ दिवस ठेवून घेते. त्याच्या गोळ्या मी मोजत नाही, काकू मोजतात, ते जास्त खात्रीचं.

आत्ता मी हे लिहितेय आणि तो समोर फळी घेऊन बसलाय. मघाशी त्यानं लिहिलं, दुखतंय का. आजवर कुणीही विचारलं तर मी ‘छे, काही नाही’ म्हणत आले. बाबांना तेच, मिस्त्रींना तेच, तुम्हाला तेच. मी पेन्सिल घेतली आणि लिहिलं, हो, फार. त्यानं ते वाचलं, फळी बाजूला ठेवली, आणि उठून माझ्या डाव्या अंगाला, न दुखणाऱ्या गालाकडे, येऊन बसला.

तुझी,
वन्सं